जुनी सायकल भंगारात देण्यापूर्वी

आपल्यापैकी पुष्कळांच्या पडवीत किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली एक काळी सायकल असते. वडिलांची नाहीतर आजोबांची. तिच्यावरून कधीकाळी दुधाचे कॅन गेले, भाजीच्या पाट्या गेल्या, प्रचारक मास्तर वस्त्यावस्त्यांवर गेले, आजारी माणूस कॅरियरवर बसून दवाखान्यात गेला. पुढे घरात फटफटी आली आणि सायकलीवर रिकामी पोती पडली. भंगारवाला अधूनमधून येऊन तिच्याकडे बघून जातो. या पानावर आपण पिकांची आणि प्रकृतीची चर्चा करतो. आज या सायकलीची करणार आहोत, कारण ती शेताच्या कामाची आहे, प्रकृतीच्याही कामाची आहे, आणि नीट न तपासता वापरायला काढली तर हातपाय मोडणारीही आहे. हे शेवटचे आम्ही स्वतःच्या कोपरावर शिकलो.

गेल्या एप्रिलात आम्हांस ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. आमची धाकटी मावशी लग्न होऊन तिकडे गेली, त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला परमुलूख वाटतो. पण दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, त्या छावणीचेच पुढे शहर झाले आणि त्या भागाचे नाव आजही लष्कर असेच आहे. तिथल्या गल्ल्यांत मराठी अजून ऐकू येते, जरा हिंदीच्या वळणाची. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, बिर्लानगरच्या जियाजीराव कापडगिरणीत फिटर होते. ती गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली, आणि काका चार वर्षांपूर्वी गेले. लष्करातून बिर्लानगरापर्यंत ते रोज ज्या सायकलीने जात-येत, ती ओसरीत तशीच उभी होती. मुलांचे म्हणणे होते की देऊन टाकू, किलोच्या भावाने का होईना, जागा मोकळी होईल. मावशी काही बोलत नव्हती. फक्त सायकलीवरची धूळ रोज पुसत होती.

आम्ही जवळ जाऊन पाहिले. पुढच्या नळीवर बगळ्याच्या डोक्याचा पितळी बिल्ला आणि खाली नॉटिंगहॅमचे नाव. मोठ्या दातेरी चक्रातही तेच बगळे कापलेले. म्हणजे ही इंग्लंडातली रॅले. ज्या कारखान्याला १८८७ साली हे नाव मिळाले, त्याच कारखान्याची. काकांनी ती कोणा साहेबाच्या हाताखालच्या माणसाकडून जुनीच घेतली होती, असे मावशी म्हणाली. (आपल्या सायकलीचे वय जाणून घ्यायचे असेल तर मागच्या चाकाचा हब पुसून पाहा. स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब असेल, तर त्याच्या कवचावर बहुधा वर्षाचा आकडा ठोकलेला सापडतो. काकांच्या सायकलीला साधाच हब होता, त्यामुळे आमची उत्सुकता तशीच राहिली.)

आता आमची चूक सांगतो. हवा भरली, चेनवर तेल सोडले, घंटी वाजवून पाहिली आणि आम्ही निघालो. शहरातल्या सपाट रस्त्यांवर सायकल अशी चालली की आम्हांस चढ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हे तापण्यापूर्वी उरवाई दरवाज्याच्या रस्त्याने ती ढकलत किल्ल्यावर नेली. वाटेत कातळात कोरलेल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती पाहिल्या. उतरताना स्वार झालो. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्या वळणावर दाबला, तेव्हा पुढच्या चाकापाशी काहीतरी टप्‌ करून उडाले आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. मागचा ब्रेक दाबला तर त्याचे रबर दगडासारखे झालेले. खालून एक मोटार वर येत होती. आम्ही सायकल डोंगराच्या बाजूला घातली, भिंतीला घासत पडलो. कोपर सोलले, गुडघा फुटला, बाकी देवाची कृपा.

सायकल घेऊन लंगडत लष्करात आलो. एका गल्लीत कडुनिंबाखाली एक म्हातारे मिस्त्री बसतात, त्यांच्यापुढे ती उभी केली. त्यांनी पुढचा ब्रेक बोटाने चाचपला आणि म्हणाले, "बाबूजी, गुटका उल्टा डाल दिया किसी ने।" काकांच्या शेवटच्या आजारपणात कोणाकडून तरी रबरे बदलून घेतली होती. ज्याने बदलली त्याने एक लोखंडी खोबण उलटी बसवली होती.

वाचकांनी ही गोष्ट आजच जाऊन आपल्या सायकलीवर पाहावी. ब्रेकचे रबर ज्या लोखंडी खोबणीत बसते, तिची एक बाजू उघडी आणि एक बंद असते. ब्रेक दाबला की फिरणारे चाक रबराला आपल्याबरोबर ओढते. म्हणून चाकाची धाव त्या जागी ज्या दिशेने जाते, त्या दिशेला खोबणीची बंद बाजू यायला हवी. पुढच्या चाकाला ब्रेक वरच्या भागात असतो आणि तिथे धाव पुढे जाते, तेव्हा बंद बाजू पुढे. उलटे बसवले तर रबर रोजच्या हलक्या ब्रेकला टिकून राहते आणि नेमके जोराच्या ब्रेकला सरकून बाहेर पडते. शहरात दोन दिवस काही झाले नाही आणि उतारावर झाले, त्याचे कारण हेच.

कोपराची जखम धुऊन आम्ही धनुर्वाताची सुई घेतली. पुष्कळांचा समज असतो की धनुर्वात गंजामुळे होतो. तसे नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि गोठ्यात उभ्या असलेल्या सायकलीवर माती-शेण दोन्ही असते. आता सरकारी दवाखान्यात जुन्या टीटीच्या जागी टीडी नावाची लस देतात, ती धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण देते. मोठ्या माणसाने दर दहा वर्षांनी घ्यावी. जखम मळकट असेल आणि शेवटची सुई घेऊन पाच वर्षे झाली असतील, तर दवाखाना गाठावा. हळद भरून घरी बसू नये.

मिस्त्रींनी सायकल दोरीने निंबाच्या फांदीला टांगली आणि तीन दिवस तिच्यावर काम केले. आम्ही तीनही दिवस शेजारी बसून राहिलो, कारण हे शिकून घ्यावे असे वाटले. ते या कामाला 'ओव्हराइल' म्हणत. आपल्याकडचे मिस्त्रीही तसेच म्हणतात. शब्द मूळचा ओव्हरहॉल, पण तेलाचेच काम असल्यामुळे हा अपभ्रंश आम्हांस मूळ शब्दापेक्षा अधिक पटतो.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे काहीच ठोकले नाही. गंजलेल्या प्रत्येक नटावर पातळ तेल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. जुन्या सायकलीचे सर्वांत जास्त नुकसान गंज करत नाही, घाईचा हातोडा करतो. नट फिरत नाही म्हणून जोर लावला की आटे जातात, आणि एकदा आटे गेले की सुटा भाग नव्हे, सांगाडाच निकामी होतो. आटे सगळीकडे सारखे नसतात हेही ध्यानात ठेवावे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, आणि बॉटममधल्या उजव्या वाटीचेही उलटे. शिवाय नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेच्या बॉटमला इंचाला २६ आटे असतात, तर बाकीच्या इंग्रजी नमुन्याच्या सायकलींना २४. दुकानदाराने साधी वाटी दिली आणि ती दोन फेऱ्यांनंतर अडली, तर पान्याने दाबून बसवू नका. परत नेऊन द्या.

क्रँक ज्या पिनेने दांड्याला बसतो तिला कॉटर म्हणतात. ही काढताना बहुतेक सायकलींचे हाल होतात. मिस्त्रींची रीत अशी : नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी बरोबर समतल येईल इतकाच सैल करायचा, म्हणजे घाव आट्यांवर बसत नाही. क्रँकच्या खाली जमिनीपर्यंत पोहोचणारा पाइपाचा तुकडा उभा धरायचा, म्हणजे घावाचा हादरा आतल्या छर्‍यांवर जात नाही. मग जड हातोड्याचा एकच पुरा घाव. हलके हलके वीस घाव घातले तर पीन वाकते आणि मग ती गिरमिटाने कोरूनच काढावी लागते. नवीन पिना बसवताना एकीचे तोंड एका बाजूस आणि दुसरीचे विरुद्ध बाजूस ठेवावे, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवणाऱ्याला लंगडल्यासारखे वाटते. आणि वीसेक किलोमीटर चालवून झाल्यावर कॉटरचा नट पुन्हा एकदा आवळावा. हे शेवटचे कोणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी चाके उघडली. ग्वाल्हेरची लू आणि तिच्याबरोबर येणारी धूळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना कल्पना येणार नाही. हबमधले ग्रीस वाळून गूळ झाला होता. मिस्त्रींनी सगळे डिझेलने धुतले. (रॉकेल आता सहजासहजी मिळत नाही. डिझेल चालते, मात्र विडी पेटवून जवळ बसू नये आणि हात नंतर साबणाने धुवावेत.) मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना पाव इंचाचे नऊ-नऊ छर्रे, पुढच्यात त्याहून लहान दहा-दहा, बॉटममध्ये पाव इंचाचे अकरा-अकरा. चार छर्रे खराब दिसले म्हणून चारच बदलू नयेत, त्या बाजूचे सगळे बदलावेत. नवे छर्रे किंचित मोठे असतात, सगळा भार त्या चारांवर येतो आणि ते वाटी कोरून टाकतात. छर्‍यांचा खर्च चहाएवढा असतो, वाटीचा आणि कोनचा तसा नसतो.

कोन किती आवळावा, हे विचारल्यावर मिस्त्रींनी चाक बसवले आणि व्हॉल्व्ह वर आणून हात सोडला. चाक आपोआप, अगदी सावकाश फिरले आणि व्हॉल्व्ह खाली येऊन थांबला. व्हॉल्व्हच्या वजनाने चाक फिरले पाहिजे आणि तरीही धाव धरून डावीउजवीकडे हलवली तर खडखड लागता कामा नये. या दोहोंच्या मधली जागा सापडेपर्यंत त्यांनी सहा वेळा पाना लावला.

मागच्या चाकाला ४० आणि पुढच्याला ३२ तारा. भार मागे पडतो, म्हणून मागे जास्त. एक तार तुटली तर लगेच बसवावी. तुटकी तार तशीच ठेवून फिरणारे पुष्कळ पाहतो. शेजारच्या तारांवर ताण येऊन त्या तुटतात आणि चाक आउट होते. तुटकी तार मुलांच्या पायालाही घातक. कॅरियरवर बसवलेल्या लहानग्याचा पाय तारांत जाणे हा आपल्या खेड्यांतला नेहमीचा अपघात आहे, आणि टाचेची ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. मूल बसवायचे असेल तर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी लावून घ्यावी. पातळाचा पदर आणि ओढणीसाठीही तीच जाळी.

सुटे भाग मिळतील का, ही शंका बहुतेकांना सायकल भंगारात घालायला लावते. याचे उत्तर आनंदाचे आहे. मुंबईची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, १९४९ मध्ये मद्रासजवळ निघालेली टी. आय., १९५१ ची सोनिपतची अ‍ॅटलास, लुधियानाची हीरो, या सर्वांनी काळी सायकल जवळजवळ एकाच जुन्या इंग्रजी नमुन्यावर बनवली. अ‍ॅटलासचा शेवटचा चालू कारखाना साहिबाबादला होता, तो जून २०२० मध्ये, नेमका जागतिक सायकल दिनी थांबला. पण नमुना थांबला नाही. २८ बाय दीडचा टायर, ब्रेकच्या सळ्या, कॉटर, १८ दात्यांचे फ्रीव्हील ही आजही नवी बनतात. इंग्लंडातला माणूस ज्या भागासाठी जुना बाजार धुंडाळतो, तो भाग आपल्या तालुक्याच्या दुकानात खिळ्याला लटकत असतो. नवीन भाग जरा हलके असतात हे खरे. म्हणून जुना भाग झिजलेला नसेल तर केवळ गंजला म्हणून टाकू नये.

रंगाविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. मावशीच्या मुलाने लगेच विचारले, पूर्ण घासून नवा चकचकीत रंग देऊ का? आम्ही नको म्हटले. एक तर त्या काळचा भट्टीत भाजलेला काळा मुलामा आजच्या फवाऱ्याच्या रंगापेक्षा टिकाऊ, आणि त्याच्यावरच्या सोनेरी रेघा एकदा गेल्या की गेल्याच. पुण्याच्या कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली उघडलेले जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे, दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए सायकलही तिथे आहे. जमल्यास मुलांना घेऊन जावे, म्हणजे जुन्या वस्तूला जुनी राहू देण्यात काय शोभा असते ते त्यांना दिसेल. दुसरे कारण प्रकृतीचे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि २०१७ पासून लागू झाले, म्हणजे त्यापूर्वीच्या रंगाची खात्री नाही. कोरडे घासले की ती धूळ श्वासात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार वाईट. घासणे भागच असेल तर पाण्याचा कागद वापरून ओले घासावे, नाकाला फडके बांधावे, मुलांना दूर ठेवावे आणि ते पाणी भाजीच्या वाफ्यात ओतू नये. काकांची सायकल आम्ही नुसती तेलाच्या फडक्याने पुसली. हॅण्डलवरचा गंज ओल्या चंदेरी कागदाने, म्हणजे जो बिस्किटांच्या वा औषधाच्या पुड्यात असतो त्याने, चोळून बराच उतरला.

तेलाबद्दल एक सूचना. मुरैना-ग्वाल्हेर हा मोहरीचा मुलूख. काका चेनला घाणीचे मोहरीचे तेल लावत. आपल्याकडे खोबरेल लावतात. दोन्ही चुकीचे. खाण्याचे तेल हवेने चिकट होते, धूळ धरते, आणि ती धूळ चेनीला कानशीसारखी झिजवते. खोबरेल तर थंडीत गोठतेच. शिवणयंत्राचे किंवा साधे यंत्राचे तेल, दुव्यादुव्यावर थेंब थेंब, आणि नंतर वरचे पुसून टाकायचे. चामड्याच्या सीटला तर खाण्याचे तेल मुळीच नको, चामडे लुळे पडून झोळी होते.

आता बसण्याविषयी. आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची खोड आहे, दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून. त्यामुळे गुडघा दर फेरीला नको इतका दुमडतो आणि पन्नाशीत दुखू लागतो. मग माणूस म्हणतो, सायकलीने गुडघे गेले. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला म्हणजे उंची बरोबर. चालवताना अर्थातच पंजाने चालवायचे. टायरमध्ये ४० ते ५० पौंड हवा ठेवावी, ओझे असेल तर वरच्या आकड्याकडे. मऊ टायरवर दुधाचे कॅन नेणे म्हणजे पाठीला आणि ट्यूबला दोघांनाही शिक्षा. आणि पावसाळ्यात लक्षात असू द्या, लोखंडी धाव ओली झाली की ब्रेक निम्माही लागत नाही. उतार येण्याआधीच हलका ब्रेक धरून धाव पुसून घ्यावी आणि वेग आधीपासून कमी ठेवावा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रींनी सायकल खाली उतरवली. पैसे सांगितले ते आम्हांस कमी वाटले, थोडे जास्त दिले, त्यांनी ते घेतले आणि वर एक जुनी पितळी टोपी हबच्या तेलाच्या भोकावर बसवून दिली. आम्ही चालवत घरी गेलो तेव्हा मावशी दारातच होती. सायकल ओसरीत लावली, तिने घंटी एकदा वाजवली आणि मुलाला म्हणाली, "हिला आता आत ठेव, बाहेर ऊन लागतं."

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. नातू रोज सकाळी दूध आणायला सायकल नेतो, पण पायडल मारताना उजवीकडून दर फेरीला एकदा कट्‌ असा आवाज येतो, मिस्त्री तर गावाला गेलेत. आम्ही विचारले, वीस किलोमीटर झाल्यावर कॉटर पुन्हा आवळला होता का? पलीकडे जरा शांतता झाली. मग मावशी आत तोंड करून ओरडली, "अरे, पाना कुठे ठेवलाय तुझ्या आजोबांचा?"